‘खेळून बोला’चे मालक

"आलोय," दाराच्या फटीला तोंड लावून तो म्हणाला. "आता कशालाही हात लावू नका. मी आलोय."

आतून एका बाईंचा आवाज आला, "कोण आलंय?"

"लिफ्टवाला."

"मग उघडा ना!"

"उघडतो. आधी वर जाऊन लिफ्ट मजल्याला लावतो, मग उघडतो. मध्येच उघडली तर तुम्ही उडी माराल."

"मी कशाला उडी मारतेय या वयात?"

"सगळे असंच म्हणतात."

आत हसू फुटलं. त्याला तेवढंच हवं होतं. हसणारा माणूस दारावर लाथा मारत नाही, हे त्याला धंद्यात शिरल्याबरोबर कळलं होतं. तो जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे निघाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या नशिबी जन्मभर जिनेच, हा विनोद तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. अलीकडे प्रत्येक मजल्यावर थांबून कठड्याला धरावं लागायचं आणि विनोद काही आठवायचा नाही.

वर जाऊन त्याने वीज तोडली, ब्रेक सैल केला आणि मोठं चाक हाताने फिरवून लिफ्ट हळूहळू मजल्याला आणली. जोर सगळा डाव्या हाताचा. उजवा हात नुसता सोबतीला होता. त्याचा अंगठा काठीसारखा सरळ उभाच राहायचा, मिटायचा नाही. खाली येऊन त्याने किल्लीने दार उघडलं, तेव्हा बाई "किती हा वेळ!" म्हणून पिशव्या सावरत निघून गेल्या. आभार वगैरे मानायची पद्धत लिफ्टमधून सुटलेल्या माणसांत नसतेच.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. वेबसाइटवर ‘टॉर्च’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बाईचा निरोप होता.

‘मालक, मी अजून अडलेलीच आहे.’

तो तिथेच पायरीवर बसला आणि ‘आलोय’ असं लिहून त्याने फोन परत खिशात टाकला. हे ‘आलोय’ त्याने तिला किती दिवस ऐकवलं होतं, त्याचं त्यालाच ठाऊक.

मालक म्हणजे हाच. लिफ्टच्या कंपनीत त्याला कोणी मालक म्हणत नव्हतं, घरात तर प्रश्नच नव्हता. पण तरुणपणी, व्हिडिओ गेमच्या वेडाने डोकं फिरलेलं असताना, त्याने पुस्तकं उलटीपालटी करून, चुकत-माकत स्वतःच्या हाताने एक वेबसाइट उभी केली होती. गेम खेळणाऱ्यांनी तिथे यावं, परीक्षणं लिहावीत, भांडावं, गप्पा माराव्यात. नियम एकच. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. साइटचं नावही त्याने तेच ठेवलं, ‘खेळून बोला’. एका मोठ्या मासिकाचा परीक्षक एकदा तिथे आला आणि अर्धवट खेळलेल्या गेमवर पांडित्य पाजळून गेला. लोकांनी त्याला असा काही सोलून काढला, की बिचाऱ्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. त्या दिवशी मालकांची छाती फुगली होती.

परीक्षणांपेक्षा जास्त गर्दी मात्र ‘अडलोय’ नावाच्या फलकावर असायची. गेममध्ये कुठे घोडं अडलं की तिथे लिहायचं. ज्याच्या नजरेला ते पहिल्यांदा पडेल त्याने, उत्तर माहीत असो वा नसो, खाली ‘आलोय’ म्हणून टाकायचं. ही पद्धत त्याने लिफ्टवरून उचलली होती. अडकलेल्या माणसाला आधी सुटका नको असते, कोणीतरी आलंय एवढं कळायला हवं असतं. मग ज्याला जमेल त्याने तो भाग स्वतः खेळून उत्तर द्यायचं. इथेही अंदाजपंचे काही चालायचं नाही. विचारणाऱ्याने ‘सुटलो’ किंवा ‘सुटले’ लिहिलं की प्रश्न फलकावरून उतरायचा. मालकांनी दुसऱ्याच्या अडचणीसाठी नको असलेले गेमसुद्धा आणून खेळले होते.

आता त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं. लोक मोठमोठ्या ॲपवर गेले. तिथे घटकाभर खेळून गेमला तारे देता येत होते. इकडे रोज सकाळी खोटी खाती येऊन बुटांच्या जाहिराती चिकटवून जायची आणि कामावर निघण्याआधी मालक त्या पुसत बसायचे. त्यात ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट होती, त्यांनी कळवलं की जुनी यंत्रणा आता बंद होणार, सगळं नव्याने बांधून घ्या. ते वाचून त्याने हातच टेकले. नव्याने बांधायचं म्हणजे पुन्हा तरुण व्हायचं. त्याने उरलेल्यांसाठी सूचना लावली, ‘फलकावरचा शेवटचा प्रश्न सुटला की मी दिवे मालवतो. अडलेल्याला आत ठेवून दार लावणार नाही.’

त्यावर कोणी फार बोललं नाही. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. आणि त्याच दिवशी टॉर्चने प्रश्न टाकला. ती सुरुवातीपासूनची सभासद, कुठल्याशा हॉस्पिटलात टेलिफोनवर बसणारी बाई. मालकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. गेम इतका जुना आणि आडबाजूचा, की खेळणारा दुसरा कोणी हयात आहे की नाही याचीच शंका. बुडालेल्या मनोऱ्यात एक म्हातारा राखणदार घड्याळांना किल्ल्या देत हिंडतो, असा तो गेम. टॉर्च त्यातल्या बादल्यांच्या विहिरीत अडली होती.

बाकीचे सगळे प्रश्न केव्हाच उतरले, हा एक काही हलेना.

"तुमचं दुकान बंद होणार होतं ना?" संध्याकाळी त्याच्यासमोर ताट ठेवत बायको म्हणाली. "ना गिऱ्हाईक, ना गल्ला. तरी मालकांना उसंत नाही."

"एक प्रश्न राहिलाय."

"सांगून टाका ना मग काहीतरी."

"काहीतरी सांगायचं नसतं. खेळून सांगायचं असतं."

"मग खेळा."

त्याने स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. बायकोच्या लक्षात आलं, आणि न मागता तिने त्याला थोडा भात वाढला.

घोडं पेंड खात होतं ते इथेच. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या दाराच्या पट्ट्यात त्याचा अंगठा सापडला. हाड सांधलं, सांधा मात्र कायमचा धरला. पाना धरता यायचा, चाक फिरवता यायचं, जेवता यायचं. कंट्रोलरवरची ती छोटी दांडी तेवढी हलवता येत नव्हती. डाव्या हाताने करून पाहिलं, दुसरी बटणं लावून पाहिली, म्हातारा राखणदार भिंतीवर डोकं आपटत राहिला. एके दिवशी त्याने सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. साइटवर मात्र अवाक्षर काढलं नाही. ‘खेळून बोला’च्या मालकाला खेळता येत नाही हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तो फक्त पहिल्यांदा ‘आलोय’ म्हणायचा आणि त्याच्या मागोमाग दुसरं कोणीतरी धावत येऊन उत्तर देऊन जायचं. तसं निभावलं होतं. आता मागोमाग येणारं कोणी उरलं नव्हतं.

त्याची लेक त्या आठवड्यात सुट्टी काढून घरी आली होती. ती दुसऱ्या शहरात विम्याच्या कचेरीत होती आणि गेमच्या नावाने तिला लहानपणापासून तिटकारा. रविवारी दुपारी तिने पाहिलं तर बाप स्टुलावर चढून माळ्यावरचं खोकं ओढतोय.

"बाबा, पडाल! काय हवंय?"

"ते जुनं यंत्र."

"कशाला? तुम्हाला कुठे..." ती थांबली.

"मला नाही जमत," तो स्टुलावरूनच म्हणाला. "तुला जमेल."

लेकीला आधी हसूच आलं. "मला? मी लहानपणी हाक मारायचे, बाबा गणित अडलंय, बाबा सायकलची साखळी पडली. तुम्ही त्या खोलीतून ‘आलो, आलो’ म्हणायचात आणि यायचाच नाहीत. शेवटी आईच यायची. आणि आता मी तुमचा गेम खेळू?"

ती हे रागाने बोलली नव्हती, जुना किस्सा सांगावा तसं बोलली होती. खोकं तसंच छातीशी धरून तो म्हणाला, "खरंय तुझं."

"खरंय म्हणून तुम्हाला सोडता येतं होय?" तिने हात वर केले. "द्या ते इकडे आणि उतरा खाली आधी."

यंत्र टीव्हीला जोडलं. ते सुरू झालं याचंच दोघांना नवल वाटलं. त्याने पूर्वी अर्ध्यावर सोडलेला गेम आत तसाच जपलेला होता आणि विहीर तिथून फार लांब नव्हती. तरी लेकीला पायऱ्या चढायला शिकण्यातच बराच वेळ गेला. राखणदार भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालायचा.

"हा म्हातारा तुमच्यासारखाच आहे. सांगितलेलं ऐकत नाही."

"दांडी हळू ढकल. अंगठा टेकवायचा नुसता."

"टेकवलाय! तुम्ही नका ना हात हलवू, मला हसू येतं."

त्याचा अंगठा खरंच हवेत हलू पाहत होता. तो त्याने मुठीच्या बाजूला दाबून धरला.

विहीर आली. खोल, काळी, तिच्यात साखळ्यांना टांगलेल्या दोन भल्यामोठ्या बादल्या, एक वर जायची तेव्हा दुसरी खाली यायची. पलीकडच्या काठावर दार. राखणदाराच्या हातात कंदील. लेकीने उडी मारली आणि म्हातारा गडप झाला. परत मारली, परत गडप. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून बघायला लागली.

"उडी नको मारूस," तो म्हणाला. "उडी मारायची जागाच नाही ती. लिफ्ट आहे ती."

"लिफ्ट?"

"आमच्या लिफ्टलासुद्धा पलीकडून वजन टांगलेलं असतं. एक खाली, एक वर. दुसरी बादली जड आहे, म्हणून ही तुला घेऊन वर सटकते आणि तू धडपडतेस. ही जड करायला पाहिजे. वरून पाणी गळतंय बघ. तिच्या तोंडावरचं झाकण उघड आणि भरू दे."

"आणि तोवर?"

"तोवर आत उभी राहा. काही करू नकोस."

बादली भरायला लागली. ती भरली तसं पाणी राखणदाराच्या कमरेला लागलं, छातीला लागलं आणि कंदील फुस्सकन विझला. पडदा काळा झाला. लेक ओरडली, "गेला! आता काही दिसत नाही. काय करू?"

"काही नको. अंधारातच खाली जाते ती. थांब फक्त."

"अहो पण काहीच दिसत नाहीये! टॉर्च तरी द्यायची यांनी."

"टॉर्च," तो स्वतःशीच पुटपुटला.

काळ्या पडद्यातून साखळीचा करकर आवाज येत राहिला. मग मंद उजेड आला, म्हातारा विहिरीच्या तळाशी उभा होता आणि समोर दुसरंच एक दार उघडं होतं. लेकीने दोन्ही हात वर केले. "झालं! आई, बघ, झालं!" बायकोने टाळीसुद्धा वाजवली. तो मात्र पडद्याकडे पाहत बसून राहिला.

"बाबा? सुटलं ना? आनंद नाही झाला?"

"तिचं नाव टॉर्च का पडलं ते आत्ता आठवलं," तो सावकाश म्हणाला. "आधी तिचं नाव वेगळंच काहीतरी होतं. साइट नवी होती तेव्हाची गोष्ट. ती कुठल्याशा विहिरीत अडली होती, आणि दिवा विझला की मला काही सुचत नाही, कोणीतरी टॉर्च द्या, म्हणून तिने सगळी साइट डोक्यावर घेतली होती. तेव्हा लोकांनी तिला ते नाव चिकटवलं. नावं एकदा चिकटली की ती कुठून आली ते कोण लक्षात ठेवतो? हीच विहीर ती. तेव्हाच सुटली होती ती यातून."

लेकीला कळायला क्षणभर लागला. "म्हणजे तिला उत्तर माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग विचारलं कशाला?" आणि मग तिचं तिलाच उमगलं. "प्रश्न उघडा राहावा म्हणून. तुम्ही बंद करू नये म्हणून."

लिफ्टच्या दारात पाय घालून उभी राहणारी माणसं त्याने जन्मभर पाहिली होती. मागून येणाऱ्यासाठी, कोणाशी अजून दोन शब्द बोलायचे राहिलेत म्हणून, किंवा उगीचच. दार मिटायला जातं, पायाला लागतं, परत उघडतं. वरच्या मजल्यावरचे लोक खोळंबून शिव्या घालतात आणि मोटर तापत राहते. अशा माणसांवर त्याला कधी ओरडता आलं नव्हतं.

"नका ना मग लिहू उत्तर," लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "राहू दे की प्रश्न. काय बिघडतं? मी बघते, ऑफिसात एक जण आहे, तो देईल नवीन बांधून."

"बांधून देईल. आणि रोज सकाळी बूट कोण पुसणार?"

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही. त्याला इतकंच जाणवलं, की तो दमलाय. जिन्यांनी दमवलं होतं, बुटांनी दमवलं होतं, पण सगळ्यात जास्त त्याला दमवलं होतं त्या ‘आलोय’ने, ज्याच्यामागे हात नव्हता. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि कॉम्प्युटरसमोर बसला. एका बोटाने टाइप करायला त्याला नेहमी वेळ लागायचा, आज जास्तच लागला.

‘टॉर्च, उडी मारायची नाही. झाकण उघडून बादली भरू द्यायची आणि आत उभं राहायचं. कंदील विझतो, विझू द्यायचा. अंधारातच बादली खाली जाते. हे तुम्हाला माहीत आहे, तरी नियम म्हणून लिहिलं. हा भाग मी खेळलेलो नाही. माझ्या लेकीने खेळला, मी शेजारी बसलो होतो. माझा उजवा अंगठा बरीच वर्षं झाली, निकामी आहे. तेव्हापासून मी एकही गेम पुरा केलेला नाही. म्हणजे आपल्याच नियमाने इथे बोलायचा मला हक्क नव्हता. सांगायची लाज वाटली. आता मी दमलोय. दार सोडा.’

पाठवलं आणि तो वाट पाहत बसला. बायकोने चहा आणून ठेवला. एरवी ती या खोलीत कॉम्प्युटरकडे पाठ करून बोलायची. आज ती खाटेच्या कडेवर बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. चहावर साय धरली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून कपाटावर गेलं.

मग टॉर्चचं उत्तर आलं.

‘तुम्हाला खेळता येत नाही हे माहीत होतं, मालक. काय झालंय ते नव्हतं माहीत, पण काहीतरी झालंय हे सगळ्यांनाच कळलं होतं. पूर्वी तुम्ही आलोय म्हणायचात आणि दुसऱ्या दिवशी पानभर उत्तर घेऊन यायचात. मग नुसतंच आलोय यायला लागलं. म्हणून तर तुमचं आलोय दिसलं की आम्ही हातातलं टाकून पळत यायचो. तुम्हाला खेळायला लागू नये म्हणून.’

त्याने ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतकी वर्षं आपण निभावून नेतोय असं त्याला वाटत होतं. निभावून नेत होते ते लोक. त्याला हुंदका आला आणि बायको शेजारी असूनही त्याने तो आवरला नाही. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

खाली अजून एक ओळ आली. टॉर्चने ती लिहायला वेळ घेतला होता.

‘सुटले.’

प्रश्न फलकावरून उतरला. ‘अडलोय’चं पान कोरं झालं. साइट सुरू केली त्या दिवशी, पहिला प्रश्न येण्याआधी, ते असंच कोरं होतं आणि तेव्हा तो कोणी अडतंय का म्हणून रात्रंदिवस डोळे लावून बसला होता. त्याने अजून एकदा पान ताजं करून पाहिलं. नवीन काही नव्हतं. मग त्याने साइट बंद करायची कळ दाबली. कॉम्प्युटरने ‘नक्की?’ म्हणून विचारलं. त्याने हो म्हणून सांगितलं. पडदा पांढरा झाला आणि खाली एका रेघेत लिहून आलं, की असं पान सापडत नाही.

"झालं?" बायकोने विचारलं.

"झालं."

ती गार चहाचा कप उचलून परत तापवायला घेऊन गेली. तो तसाच बसून होता. हात मांडीवर, अंगठा वर. उद्या सकाळी कामावर निघण्याआधीच्या वेळात काय करायचं, ते त्याला सुचेना.

बाहेरच्या खोलीतून अजून त्या जुन्या गेमचा आवाज येत होता. साखळ्या, पाणी, घड्याळांची टिकटिक. लेकीने तो बंद केलाच नव्हता. थोड्या वेळाने आवाज थांबला, परत सुरू झाला, परत तिथेच थांबला.

"बाबा," तिने हाक मारली. "इथे घड्याळाचं दार उघडतच नाहीये. अडलेय मी."

तोंडावर आलेलं ‘आलो’ त्याने गिळलं. खुर्चीच्या हातांवर भार देऊन तो उठला, पायाला आलेल्या मुंग्या जाईपर्यंत थांबला आणि बाहेरच्या खोलीत गेला. लेक जमिनीवर मांडी घालून बसली होती. तोही गुडघे कुरकुरत असताना तिच्या शेजारी खाली बसला आणि मग म्हणाला, "आलोय."